तीन तोंडांची वार्ता

एका राज्यात, जिथे नद्या मुकाट समुद्राकडे वाहत आणि झाडांना आपापलीच फळे लागत, एक जुनी चाल होती. वार्ता एका तोंडून आली तर ती वार्ताच धरायची नाही. तीन तोंडे लागत: एक पाण्यावरचे, एक जमिनीवरचे, एक उंचावरचे. म्हणून रोज सकाळी कोळ्यांचा नाईक येई, गुराख्यांचा म्होरक्या येई आणि गडाच्या बुरुजावरून टेहळ्या उतरून येई. तिघे आपापले सांगत, राजा ऐके, विचारी, पारखी. मग भैरोजी दवंडीवाला ढोल बडवत गावात फिरे, तेव्हा कुठे ती वार्ता खरी.

ऐकायला छान वाटते. पण त्या तिघांचे एकमत कधी म्हणजे कधी होत नसे. काल पाऊस किती झाला, एवढा साधा प्रश्न. कोळी म्हणे, गुडघाभर. गुराखी म्हणे, चार बोटे. टेहळ्या म्हणे, "महाराज, एक थेंब नाही. ढग माझ्या पायाखाली होते." तिघेही शपथेवर सांगत, आणि वैताग असा की तिघेही खरे बोलत. राजाने मग खोदून खोदून विचारावे, या टोकाचे त्या टोकाला जोडावे, तोवर ताटातला भात गार होऊन जाई.

राजाचे नाव पृथुसेन. माणूस वाईट नव्हता. राणी गेल्यावर त्याने एकुलत्या एका लेकीला मांडीवर घेऊन न्यायनिवाडे केले होते. पण बारा वर्षे गार भात खाऊन तो विटला, आणि एके दिवशी भर दरबारात ओरडला, "मला एकच काय ते सांगा, आणि गोड सांगा!"

असे कोणी ओरडले की जादूगार यायचाच. आला. नाव अक्षोभ्य. खांद्यावर एक भली मोठी रिकामी झोळी, हातात सोन्याचा पिंजरा, पिंजऱ्यात पाचूच्या पंखांचा राघू.

"महाराज, हा रोज सकाळी एकदा बोलेल. तेवढे पुरे."

"खरे बोलेल?"

"हा जे बोलेल, ते आपल्या राज्यात आहे. हा जे बोलणार नाही, ते नाही."

"मोल काय?"

"काही नको."

शाप इतका उघड, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या समोर सांगितला गेला, आणि राजाला ती राघूची तारीफ वाटली! फुकट मिळते आहे म्हटल्यावर दरबारात पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. प्रधानाचे नाव दीर्घदर्शी. नाव ठेवताना त्याच्या बापाने काय पाहिले होते देव जाणे, कारण तो टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी राघू बोलला, "राज्यात सर्व क्षेम. तळी भरलेली. कोठारे भरलेली. राजकन्या हसते आहे." राजा गरम भात जेवला. तिन्ही वार्ताहरांना निरोप मिळाला. त्यानंतर दरबारात कोणी माणूस वार्ता सांगायला तोंड उघडी, तर त्याची जीभ टाळूला चिकटे. आणि राघू ज्याचे नाव घेत नसे ते राजाच्या नजरेतून आणि आठवणीतून जाई. उत्तरेची तीन गावे अशीच गेली. गच्चीवरून पाहिले की राजाला तिथे धुके दिसे. पायरीवर बसलेले अर्जदार गेले. वाड्याचे गळके छप्पर गेले. राजाच्या टाळूवर थेंब पडे, राजा तो पुसे, आणि वर काही पाहत नसे.

राजकन्येचे नाव हेमलेखा. सोळा वर्षांची, एका पायाने किंचित लंगडणारी, आणि जिभेला धार. ती राघूसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तात, हा पिंजऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. मग तळी भरली हे याला सांगितले कोणी?"

राघूने तिच्याकडे एका डोळ्याने पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोलला, "राज्यात सर्व क्षेम. तळी भरलेली. कोठारे भरलेली." आणि थांबला.

हेमलेखा बापाच्या पानाजवळ तुपाची वाटी घेऊन उभी होती. बापाने तिच्या आरपार खिडकीकडे पाहिले आणि म्हटले, "आज वाढायला कोणीच नाही का?"

बाकी सगळ्यांना ती दिसत होती, अगदी लख्ख दिसत होती. पण जे महाराजांना दिसत नाही ते आपल्याला दिसणे बरे नव्हे, असे दरबाराने ठरवले. दीर्घदर्शी तिच्यावर धडकला, तोल सावरला आणि म्हणाला, "आज वारा फार आहे." आता अशा माणसाला काय करावे?

मुदपाकखान्यातली तुंगाबाई तेवढी बधली नाही. "मला मेलीला दरबारातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "मला भुकेली पोर दिसते. बस, जेव."

सहा पौर्णिमा गेल्या. हेमलेखेने बापाचा खांदा हलवला, तर त्याने तो खाजवला. पत्र लिहिले, तर त्याने कोरा कागद म्हणून त्यात सुपारी बांधली. आधी ती रडली. मग तिला राग आला, आणि तो टिकला. बाप रोज हाताच्या अंतरावर बसलेला असे, खुशाल असे, आणि आपल्याला मुलगी होती हेच त्याला ठाऊक नसे. याचे दुःख करावे की त्याला गदागदा हलवावे, हे तिला कळेना. शेवटी तुंगाबाईने तिला भैरोजीकडे पाठवले.

भैरोजीचा ढोल आता धान्य साठवायच्या कामी आला होता. म्हातारा म्हणाला, "सातव्या पौर्णिमेला सूर्य मावळला, की राजाला जे जे दिसत नाही ते सारे त्या अक्षोभ्याच्या झोळीत जाणार. गावे, अर्जदार आणि तूसुद्धा. त्याने मोल का मागितले नाही, कळले आता?"

"उपाय सांगा."

"जुनाच. पाण्यावरचे, जमिनीवरचे, उंचावरचे, अशी तीन तोंडे एका दिवशी दरबारात तुझी वार्ता सांगू देत. माणसांच्या जिभा त्याने बांधल्या. पशुपक्ष्यांना मोजलेच नाही. पण पोरी, तोंडे खरोखर तीन हवीत."

"तीनच आणते," असे म्हणून ती निघालीसुद्धा. मागून भैरोजी ओरडून काहीतरी सांगत होता. थांबली असती तर ही गोष्ट निम्म्यात संपली असती. पण ती बापाचीच लेक. तिलाही एकच काय ते हवे होते.

पहिले तोंड उंचावरचे. गावाबाहेरच्या चिंचेवर एक डोमकावळा राहत असे. तो वाईट तेवढेच पाही आणि वाईट तेवढेच सांगे.

"येतो," तो म्हणाला. "पण आधी माझे शेवटपर्यंत ऐक. मध्ये एकदाही 'पण' म्हणायचे नाही."

सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तो बोलत होता. कुणाची म्हैस आटली, कुणाची भिंत खचली. यंदा आंब्याला मोहोर येणार नाही. आला तर गळेल. गळला नाही तर कीड पडेल. हेमलेखेने ओठ इतका चावला की त्यातून रक्त आले, पण तिने 'पण' म्हटले नाही.

दुसरे तोंड पाण्यावरचे. तळ्यात एक कासव होते, वय चारशे वर्षे. त्याच्या कानी पडलेली वार्ता तोंडापर्यंत यायला सात वर्षे लागत.

"येतो," कासव म्हणाले. हा एक शब्द उच्चारायला त्याला सकाळची दुपार झाली. "पण... माझे वाक्य... तू... पुरे करायचे... नाही."

तीन दिवस ती काठावर बसून राहिली. तीन दिवसांत कासवाने सांगितले, "तळ्यात... पांढरे कमळ... फुलले आहे." ते कमळ फुलून, कुजून, त्याच्या जागी शेवाळ येऊन सहा वर्षे झाली होती. हेमलेखेने हात जोडले आणि म्हटले, "फार चांगले झाले."

तिसरे तोंड जमिनीवरचे. राजबागेत एक खार होती. तिला सगळे ठाऊक असे आणि त्यातले ती अर्धेच सांगे.

"येते, येते, पण माझे एक वाक्य पुरे होईपर्यंत माझ्या मागे यायचे. कळले का, काल सेनापतीच्या घरी... अगबाई, पेरू!"

हेमलेखा पेरूपर्यंत गेली. पेरूवरून आंब्यावर, आंब्यावरून कुंपणावर, कुंपणावरून हौदाकडे. लंगडत गेली, काट्यांतून गेली. संध्याकाळी खार एका जांभळाच्या बुंध्याशी थबकली आणि तिने वाक्य पुरे केले: "काहीच झाले नाही."

असे तीन साक्षीदार! एक कडू, एक शिळा, एक अर्धवट. यांच्या भरवशावर जीव सोपवावा लागतो म्हटल्यावर कुणाचे डोके ठिकाणावर राहील? हेमलेखेने निश्चय केला, यांना यांचे बोलूच द्यायचे नाही. तिघांना समोर बसवून तिने एक वाक्य घोकून घेतले: "राजकन्या हेमलेखा जिवंत आहे आणि सिंहासनासमोर उभी आहे." कावळ्याला वाक्यात वाईट काही सापडेना म्हणून तो कुरकुरला. खारीला शेवटच्या शब्दानंतर शेंगदाणा मिळेल असे कबूल करावे लागले. कासवाला पाठ होईपर्यंत सातव्या पौर्णिमेची सकाळ उजाडली.

दरबार भरला. वेशीबाहेर अक्षोभ्य झोळीचे तोंड सैल करून सूर्याकडे पाहत बसला होता. हेमलेखेने कासव उचलून आणले, खार तिच्या खांद्यावर होती, डोमकावळा खिडकीतून आत आला. राजाला कासव हवेतून तरंगत येताना दिसले, पण ते आहे की नाही हे राघूने सांगितले नव्हते, म्हणून तो काही बोलला नाही.

तिघे एकामागून एक बोलले. कावळ्याचे वाक्य लगेच झाले, खारीचे झाले. कासवाचे संपता संपता दुपार कलली. शब्दाला शब्द तोच, कान्यामात्रेचाही फरक नाही.

दीर्घदर्शीने मान वाकडी केली. "महाराज, शिकवलेले वाक्य आहे. चोची वेगळ्या, तोंड एकच."

"ते दिसतेच आहे," राजा म्हणाला आणि त्याने जांभई दिली.

चाल ती चाल. तीन तोंडे हवी होती, हिने आपलेच तोंड तीनदा आणले होते. भैरोजी मागून हेच तर ओरडत होता! दाराशी उभ्या असलेल्या तुंगाबाईने डोळे बारीक केले आणि ती किंचाळली, "अगं, तुझा हात कुठं गेला?" हेमलेखेने खाली पाहिले. उजवा हात कोपरापर्यंत उरला नव्हता. खिडकीतले ऊन पिवळे पडत चालले होते.

तेव्हा तिचा धीर सुटला. "जाऊ दे ते वाक्य!" ती ओरडली. "घालवलेत सात दिवस माझे! कावळ्या, तू कटकट्या. कासवा, तू शिळा. खारे, तू तर अर्ध्यात पळणारी. आता तुम्हाला जे दिसले तेच बोला, कसेही बोला, पण बोला!"

डोमकावळ्याला एवढेच हवे होते. "महाराज, आपली मुलगी अत्यंत तापट आहे. मुदपाकखान्याच्या कौलावर मी बसलो की पळी फेकून मारते. कालची पोळी आज मला घालते. आणि उजव्या पायाने लंगडते, दिसायला काही बरे नाही."

"डाव्या! डाव्या!" खार थयथयाट करत म्हणाली. "उजव्या म्हणे! मी होते तिथे. जांभळाचे झाड, झोका, दोर, आणि महाराज स्वतः... अय्या, शेंगदाणा!" आणि ती सिंहासनाखाली पळाली.

"दोघेही... खोटे," कासव म्हणाले, चारशे वर्षांत पहिल्यांदाच घाईने. "राजकन्या... लंगडत... नाही. ती... पळते. काल... तळ्याकाठी... बापाच्या पुढे... पळत होती."

मग तिघांत जी जुंपली! कावळा कासवाला आंधळा म्हणाला, खार कावळ्याला काळतोंड्या म्हणाली, कासव रागाने डोके आत घेऊन आतूनच बोलत राहिले. दरबाराने कानांत बोटे घातली. दीर्घदर्शी म्हणाला, "महाराज, याच कटकटीसाठी तर आपण राघू आणला."

राजा पुढे झुकला होता. त्याच्या कपाळावर एक आठी पडली होती, सात महिन्यांपूर्वी रोज पडायची तशी.

"पळत होती," तो हळूच म्हणाला, "आणि आता लंगडते. मग मध्ये काय झाले?"

दरबार थिजला. सात महिन्यांत राजाने प्रश्न विचारला नव्हता.

"राघू, कोणता पाय?"

"राज्यात सर्व क्षेम," राघू म्हणाला.

"ते मी विचारले नाही. कोणता पाय?"

"तळी भरलेली," राघू म्हणाला आणि त्याची चोच वाजू लागली. त्याला सांगता येत होते. विचारलेले त्याला कधी कळलेच नव्हते.

राजा उठला. तो कुणाकडेच पाहत नव्हता, आणि त्याच्या टाळूवर छपरातून थेंब पडत होते. "डावा," तो म्हणाला. "जांभळाला झोका होता. माळी म्हणाला होता, दोर जीर्ण झाला आहे. प्रधान म्हणाला होता, मजबूत आहे. मला प्रधानाचे बरे वाटले. झोका मी दिला. उंच, उंच म्हणत होती, म्हणून आणखी उंच दिला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "पाच वर्षे मला तो पाय पाहवत नव्हता. कुणीतरी त्याचे नाव न घेता सकाळ काढावी, असे मला वाटत होते."

आणि मग त्याला सिंहासनाच्या पायरीशी एक डावे पाऊल दिसले. टाच किंचित उचललेले, बाहेरच्या बाजूने झिजलेल्या वहाणेतले. पावलावर परकराचा काठ दिसला. काठावर हात दिसला, दोन्ही हात दिसले, आणि रागाने लाल झालेला चेहरा दिसला.

"हेमा," तो म्हणाला. "तू इथे केव्हापासून उभी आहेस?"

"सात महिने," ती म्हणाली.

त्यानंतर ती जे बोलली ते सगळे लिहायला भूर्जपत्रे पुरली नसती. सात महिन्यांचे साचलेले होते. दरबारासमोर बोलली, प्रधानासमोर बोलली, रडत रडत बोलली. राजाने तिच्या पावलावर हात ठेवून सगळे ऐकले, एकदाही 'पण' म्हटले नाही.

शाप सुटला. डोमकावळा समोरून पाहणारा, त्याला तिचा डावा पाय आपल्या उजव्या हाताला दिसे. कासवाचे 'काल' सात वर्षांपूर्वीचे. खारीचे वाक्य अर्धे, ते राजाला पुरे करावे लागले. एकेकटी घेतली तर तिन्ही तोंडे कुचकामी होती. सूर्य मावळला तेव्हा अक्षोभ्याने झोळीत हात घातला आणि त्याला झोळीचा तळ लागला. तो ती खांद्यावर टाकून दुसऱ्या राज्याकडे गेला. तिथलाही कोणी राजा वैतागलेलाच असणार. उत्तरेच्या धुक्यातून तीन गावे वर आली. त्यांची तळी कोरडी होती, हे पाहायला राजा दुसऱ्या दिवशी स्वतः गेला. पायरीवरचे अर्जदार दिसले, आणि तेही काही शांत नव्हते. छप्पर शाकारले गेले. दीर्घदर्शीला बुरुजावर टेहळणीला पाठवले. तिथे निदान समोरचे दिसते. पिंजऱ्याचे दार उघडल्यावर राघू राजबागेत पेरूच्या झाडावर जाऊन बसला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःचे काही बोलला. तो म्हणाला, "मला ठाऊक नाही."

भैरोजीचा ढोल पुन्हा वाजू लागला. रोज सकाळी कोळी, गुराखी आणि टेहळ्या येतात, तिघांची तीन मते पडतात, राजा कपाळाला हात लावतो, आणि भात गार होतो. हेमलेखा तुपाची वाटी घेऊन पानाशी बसते आणि म्हणते, "तात, आधी ऐकून घ्या."

त्या दिवशी राजा रडला का, एवढे मात्र नक्की सांगता येत नाही. डोमकावळा म्हणतो, धाय मोकलून रडला. खार म्हणते, छे, छपराचे थेंब होते, आणि पुढचे सांगायच्या आत पळून जाते. कासवाला विचारले आहे. त्याचे उत्तर यायला अजून वेळ आहे. तीन तोंडांची वार्ता मी चौथ्या तोंडाने तुम्हाला सांगितली. पाचव्याला विचारल्याशिवाय खरी धरू नका.